शाफ्टवरची विभूती

आमच्या पॉलिटेक्निकनं आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा आधी वाटलं, यांचा काहीतरी घोटाळा झालाय. मग मी नोकरी करते त्या शोरूमच्या मॅनेजरांनी सांगितलं की नाही, तुलाच बोलावलंय. ऑटोमोबाईल शाखेतून बाहेर पडलेली पहिली मुलगी म्हणून. कंपनीचा टी-शर्ट घालून जा, मुलींना चार शब्द सांग, फोटो काढून आण. मी टी-शर्ट घातला नाही. साडी नेसले, गजरा माळला आणि जुन्या बसस्टँडवरून टाउन बस धरली, शिकत असताना रोज धरायची तशी.

वर्कशॉपच्या दारातच रॉकेलचा वास आला. सुटे भाग धुवायचा पत्र्याचा ट्रे, जळकं ऑइल, लोखंडाचा कीस, आणि आज त्यात मिसळलेला कापूर, मोगरा, नुकतीच धुतलेली फरशी. एकेकाळी या वासासाठी मी रविवार कसाबसा ढकलायची. आज त्याच वासानं डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच संताप आला. इतक्या वर्षांनी तरी नाकाला अक्कल यायला हवी होती.

हे मी मराठीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. गल्लीतल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. मला अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पाटीवर गिरवून शिकवली. तिकडची, मराठी मुलखातली पुस्तकं वाचून माझं लिहिणं तिकडच्यासारखं झालं, तोंडची भाषा मात्र इथलीच राहिली. वर्कशॉपमधलं एकही माणूस हे वाचू शकणार नाही. तमिळमध्ये मला जे कधी पुरतं बोलू दिलं नाही, ते इथे पोटभर बोलून घेते.

मी त्या शाखेत का गेले, कुणी अडवलं, कुणी अडवलं नाही, ते सांगत बसत नाही. गेले, एवढं खरं. पहिलं वर्ष कानशीचं होतं. लोखंडाचा ठोकळा चारी बाजूंनी काटकोनात येईपर्यंत घासायचा, हाताला फोड येतील, फुटतील, तरी घासायचा. मुलं वैतागायची, पाणी प्यायला म्हणून जायची ती परत यायची नाहीत. मला ते आवडायचं. कानस सपाट बसायला लागली की तिचा आवाज बदलतो. खरखर जाते आणि लांब, मऊ सूर लागतो. उन्हाळ्यात पत्र्याचं छप्पर तापून तडतडायचं. दुपारी वीज गेली की लेथ, ग्राइंडर, पंखे सगळं एकदम गप्प व्हायचं आणि छपराच्या कैच्यांवर बसलेले पारवे ऐकू यायचे. घाम मानेवरून खाली उतरत असायचा. त्या गप्पपणात वीरमणी सर म्हणायचे, "आता ऐका."

वीरमणी सर आमचे वर्कशॉपचे मास्तर. कपाळभर विभूती, म्हणजे भस्माचे पट्टे, खाकी शर्ट, खिशात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. मग आतलं सगळं बोलायला लागतं. टॅपेट ढिला असेल तर वरून टिकटिक येते, बेअरिंग झिजलं असेल तर खालून धप धप येतं, पाण्याचा पंप कुरकुरतो. बाकीच्यांना नुसता गोंगाट ऐकू यायचा. मला पहिल्याच खेपेला चार वेगळे आवाज आले आणि मी ते सांगितले. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कान आहे मा तुला," ते म्हणाले. तमिळमध्ये लाडानं जोडतात ते 'मा' त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला लावलं. मी घरी जाऊन जेवले नाही. पोट भरलेलंच होतं.

भाताची कापणी आली की ओरत्तनाडूकडचे शेतकरी आपले ट्रॅक्टर आमच्या आवारात आणून उभे करायचे. रेडिएटरच्या जाळीत तूस भरलेलं असायचं, सायलेन्सरवर पेंढा जळायचा. डिझेल आणि नवं भात, दोन्ही एकत्र. मी ट्रॅक्टरखाली गोणपाटावर आडवी व्हायची आणि वर बघायची. ऑइलचा थेंब नेमका कपाळावर पडायचा. म्हातारे शेतकरी वाकून बघायचे, खाली मुलगी दिसली की दचकून सरांना विचारायचे, "हिला येतं का?" सर म्हणायचे, "हिलाच येतं." तेव्हाचा माझा थाट काय सांगू. सबंध दिवस मी पुसायच्या बोळ्यानं उगाचच हात पुसत हिंडायची.

ते हात घरी चालत नसत. लाकडाचा भुसा आणि साबणाची पूड एकत्र करून आम्ही हात घासायचो, तरी नखांच्या कडेनं काळी रेघ राहायचीच. अम्मा मला मागच्या दारी उभी करून शिककाई लावायची. "हात बघ तुझे, गे," ती म्हणायची. "ह्या हातांस बांगड्या भरायस कोण येईल?" आत्या आली की तिचा पट्टा सुरू व्हायचा. "राजांच्या दरबारांत मान होता आमचा. आतां ही लॉरीखालीं झोंपत्ये!" दरबारात आमच्या घराण्याचा मान कसला होता हे तिलाही माहीत नव्हतं, पण तो होता यावर तिची श्रद्धा होती. अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "शिकूं दे तिज. विद्या आहे तीही." मला तेवढं पुरे होतं.

शेवटच्या वर्षी सगळ्या तुकडीनं मिळून एक इंजिन खोलून पुन्हा उभं करायचं असायचं. आमच्या वाट्याला एका व्हॅनचं जुनं डिझेल इंजिन आलं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वाकडातिकडा फिरता दांडा, सरांनी माझ्याकडे दिला. त्याच्या गोल, चकचकीत भागांवर सगळं इंजिन तोललेलं असतं. खाली-वर पातळ बेअरिंग, मध्ये तेलाचा पापुद्रा, बस. मी तो बारीक पॉलिश कागदानं, ऑइल लावून, दोरीनं ओढत ओढत घासला. त्यात तोंड दिसायला लागलं. इतकी गुळगुळीत वस्तू मी त्याआधी हातात घेतली नव्हती आणि नंतरही घेतली नाही.

एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर विजयादशमीला येणार होते. आमच्यातून दोघांना ते गाड्या दुरुस्त करायला, थेट वर्कशॉपच्या फ्लोअरवर घेणार होते. सर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझं नाव मी सांगून ठेवलंय. इंजिन तूच चालू करायचं." दिनेशचंही नाव होतं. दिनेश माझ्या शेजारच्या व्हाइसवर काम करायचा, चांगला होता, माझ्याइतका नव्हता. हे तोच म्हणायचा.

आता आमच्या वर्कशॉपची रीत सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आयुधपूजेला इंजिनाची जोडणी पूर्ण करायची नाही. ते स्टँडवर उलटं करून त्याचं पोट उघडं ठेवायचं, शाफ्ट वर दिसत राहिला पाहिजे. देवीची नजर आत पडली पाहिजे म्हणे. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या चांगल्या वेळेला शाफ्टवरच्या बेअरिंगच्या टोप्या बसवून आवळायच्या, खालचं झाकण लावायचं, इंजिन सरळ करायचं, ऑइल भरायचं आणि चालू करायचं. त्या मधल्या रात्री कुणी हत्याराला हात लावायचा नाही.

पूजेची तयारी मुलींकडे. म्हणजे माझ्याकडे, कारण दुसरी मुलगीच नव्हती. मी फरशी धुतली, कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढली, झेंडूच्या माळा ओवल्या, फोडायला कोहळा आणून ठेवला, प्रसादाला चण्याचं सुंडल घरून करून आणलं. पान्यांच्या मुठींना, लेथच्या अंगाला, गेटमधल्या जीपच्या बॉनेटला चंदन-कुंकू लावलं. शाफ्टला लावलं नाही. त्याच्या चकाकत्या भागाला मी फूलसुद्धा टेकू दिलं नाही. घरी अम्मा पितळेची भांडी राखेनं घासायची. राख धातूला काय करते हे मला कुणी शिकवायला नको होतं.

सर देवळातून आले. ओल्या केसांनी, धोतर नेसून, अनवाणी. डाव्या तळहातावर विभूती. दिनेश कापराचं तबक धरून उभा होता, मी कोलमच्या कडेला. सर इंजिनापाशी गेले, डोळे मिटले, आणि तीन बोटं विभूतीत बुडवून शाफ्टच्या एकेका चकचकीत भागावर तीन तीन पट्टे ओढत गेले. ओठ हलत होते. बोटांतून विभूती भुरभुरत खाली, शाफ्ट ज्यात टेकला होता त्या बेअरिंगच्या फटीत पडत होती. मी पाहत होते. त्यांच्या तोंडावर इतका जिव्हाळा होता की मध्ये बोलणं मला पाप वाटलं. आणि मनात म्हटलं, उद्या सकाळी मी शाफ्ट उचलून पुसून घेईन. ते माझंच काम होतं.

सकाळी ते काम मला मिळालं नाही. मॅनेजर येणार म्हणून सरांनी मला फाटकापाशी पिटाळलं, पाहुण्यांसाठी नवी कोलम, ओवाळायला तबक, कॉफी. मी परत आत आले तर मुलांनी शाफ्ट वरून बोळ्यानं पुसला होता, न उचलता, आणि टोप्या आवळून झाल्या होत्या. दिनेश शाफ्ट हातानं फिरवून बघत होता. मला आवाज आला. अगदी बारीक, तव्यावर वाळू सरकावी तसा.

"थांबा," मी म्हटलं. "सर, आत काहीतरी आहे. उघडून बघू या."

"राहुकाळ लागेल मा," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "नल्ल नेरम आत्ताच आहे."

चांगली वेळ टळू द्यायची नाही, एवढ्यासाठी. मी पुन्हा म्हटलं. मॅनेजर हसले, म्हणाले, "मुलगी घाबरली वाटतं." मग किल्ली दिनेशच्या हातात गेली. कुंकू भरलेला कोहळा फुटला, सगळ्यांनी हात जोडले आणि इंजिन चालू झालं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांखाली मला खालून धप धप ऐकू येत होतं, वाढत होतं, मी ओरडत होते बंद करा, आणि कोहळ्याच्या लाल पाण्यात पाय भिजवून सगळे फोटो काढत होते. मग इंजिन खडखडलं आणि एकदम आवळून बसलं.

उघडलं. मी घासलेल्या शाफ्टवर नखं ओढल्यासारखे चरे होते. बेअरिंगमध्ये करडा चिखल. मॅनेजरांनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला. "विभूती," ते म्हणाले. सरांचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता ते सांगतील, आणि मी त्यांना आधीच माफ करून टाकलं होतं.

सर म्हणाले, "पूजेचं काम मुलींकडे असतं."

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "सर, तुम्ही..." आणि सर पुढे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सरि मा, सरि. चूक सगळ्यांच्याच हातून होते. रडू नको." मी रडत नव्हते. चारचौघांत त्यांनी मला माफ केलं, त्यांच्या बोटांबद्दल. मी दिनेशकडे पाहिलं. पूजेच्या वेळी तबक धरून तो हातभर अंतरावर उभा होता, त्याला सगळं दिसलं होतं. तो खाली वाकून पाने-पकडी गोळा करायला लागला.

अप्पांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गुरू ते तुझे. त्यांकडे बोट दाखवूं नये."

"मज कोणी फ्लोअरवर घेणार नाही आतां, अप्पा," मी म्हटलं.

"कळतं मज," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उचललं. विद्या आहे म्हणणारा माणूस तो. मी त्या दिवशी घरातही एकटी पडले.

कंपनीनं मला घेतलं, हा त्यातला विनोद. मॅनेजर म्हणाले, मुलगी तीन भाषा नीट बोलते, पुढे काउंटरवर बसवू. फ्लोअरवर दिनेश गेला. गल्लीत पेढे वाटले गेले, अम्माला हायसं वाटलं, आत्यानं दृष्ट काढली. तेव्हापासून मी काचेच्या या बाजूला आहे. गाडी आत येते, आवाजावरून मला कळतं काय झालंय, आणि मी लिहिते, गिऱ्हाइकाची तक्रार, आवाज येतो. काचेपलीकडे दिनेश बॉनेट उघडतो. अधूनमधून दार लोटून येतो आणि विचारतो, "मॅडम, नक्की कसला आवाज म्हणाले ते?" मी सांगते. तो जातो. नखं माझी स्वच्छ असतात. रात्री भाजी चिरताना मी त्यांच्याकडे बघते आणि ती मला दुसऱ्या कुणाची वाटतात.

तर पूजा. मला पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात हार घातला. वीरमणी सर आता शाखेचे प्रमुख आहेत, केस पिकलेत, कपाळ तसंच भरलेलं. माइक घेऊन ते मुलांना म्हणाले, "देवाला सगळं चालतं, बेअरिंगला चालत नाही. घासलेल्या भागाला विभूती लावायची नाही, हे मी दरवर्षी सांगतो. आमच्या एका मुलीनं भक्तीनं लावली आणि अख्खं इंजिन गेलं. आज ती इथे बसलीय. बघा, चूक झाली तरी माणूस कुठल्या कुठे जातो!" हशा, टाळ्या. मोबाइल माझ्याकडे वळले. दरवर्षी, म्हणाले ते. म्हणजे मी इथून गेले तरी इथेच होते, दर पूजेला, नव्या नव्या मुलांसमोर राख फासत.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना खांबाआड गाठलं. "सर," मी म्हटलं, "विभूती तुम्ही लावली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं. लाज, भीती, राग, काहीही चाललं असतं मला. नुसतं आश्चर्य होतं. "मी?" ते म्हणाले. "मी कसा लावीन मा? मला माहीत नाही का, घासलेल्या शाफ्टला राख लावू नये?"

ते खोटं बोलत नव्हते, तेच भयंकर होतं. ज्या दिवशी माझं सगळं गेलं त्या दिवशी त्यांना जे कळलं, ते त्यांना आता जन्मापासून माहीत होतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाशी मनात भांडत होते, तो मला न विचारता कुठेतरी नाहीसा झाला होता. त्यांनी माझ्या हातात मुरमुरे-गुळाची पुडी दिली, तब्येत सांभाळ म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

फाटकापाशी एक मुलगी उकिडवी बसून कोलमची कड भरत होती. खाकी शर्ट, वर गजरा. आता शाखेत मुली आहेत, तिनं सांगितलं, सगळ्या सकाळपासून कोलमला आहेत. मुलं आत इंजिनापाशी आहेत. तिनं खांबापाशी आमचं बोलणं ऐकलं होतं. हात झटकत उभी राहिली.

"अक्का, खरंच सरांनी लावली होती?"

"हो."

तिनं विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस, आणि ती मला ओळखतही नव्हती. मी तिला सांगणार होते, आत जा, पिठाचा डबा टाक आणि आत जा, शाफ्टपाशी उभी राहा, हलू नकोस.

पण ती माझ्या साडीकडे, माझ्या हातांकडे बघत होती, मनापासून, हेव्यानं.

"पण बरंच झालं ना अक्का," ती म्हणाली. "नाहीतर त्या मुलांबरोबर ऑइलमध्ये लोळत असता. आता एसीत बसता."

ऊन चढलं होतं, ब्लाउज पाठीला चिकटला होता, बसला अजून वेळ होता. ती पुन्हा खाली बसून पीठ सोडायला लागली. आणि मला भीती वाटली, सरांच्या खोट्याची कधी वाटली नव्हती एवढी, की तिचं म्हणणं एक दिवस मलाही पटेल.